अकोन्काग्वा, नॉर्मल रूट: व्हिसाच्या अर्जापासून खेचरांच्या परतीपर्यंत

अर्जेंटिनातल्या अकोन्काग्वाच्या नॉर्मल रूटला दोर लागत नाही, कातळ चढावा लागत नाही, हिमभेगा ओलांडाव्या लागत नाहीत. उंची 6,961 मीटर. आशिया सोडला तर जगात याहून उंच डोंगर नाही, तरी बहुतेक रस्ता पायवाटेचा. म्हणूनच लोक फसतात. इथे माणूस परत फिरतो तो उंचीमुळे, वाऱ्यामुळे आणि हातातले दिवस संपल्यामुळे. पहिल्या दोन्हींवर आपली सत्ता नाही. तिसऱ्याचा निकाल मात्र मुंबईत तिकीट काढतानाच लागतो. सगळं ताजं आहे तोवर क्रमाने लिहून ठेवतोय.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत, त्यातही डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर हवा बरी. जानेवारीत चढायचं असेल तर कागदपत्रं ऑगस्टमध्ये सुरू करा.

भारतीय पासपोर्टवर अर्जेंटिनाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असलेल्यांना 2025 पासून तो माफ झालाय. बाकी महाराष्ट्रातल्यांनी मुंबईतल्या अर्जेंटिनाच्या वाणिज्य दूतावासात अर्ज करायचा. बँकेची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं पत्र, तिकिटाचं आरक्षण, राहण्याचे पत्ते असा नेहमीचाच गठ्ठा. गोची होते ती राहण्याच्या पत्त्यांपाशी, कारण डोंगरावरच्या दिवसांना हॉटेल नसतं. त्यासाठी ज्या ऑपरेटरकडून सेवा घेणार त्याचं तारखांसकट पत्र आधीच मागवून जोडा आणि सोबतच्या अर्जात डोंगराचं नाव, मार्ग आणि गटातल्या सगळ्यांची नावं स्वच्छ लिहा. ‘पर्यटन’ एवढंच लिहिलं की पुढे प्रश्न वाढतात. अपॉइंटमेंटपासून शिक्का मिळेपर्यंत महिना-दीड महिना हाताशी ठेवा.

दुसरा कागद पीतज्वराच्या लसीचा. अकोन्काग्वा ज्या मेंडोझा प्रांतात आहे तिथल्या डोंगरात पीतज्वर नाही, पण भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत अर्जेंटिना आहे. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनांची केंद्रं आहेत. एका कुपीतून अनेकांना लस द्यायची असल्याने ठरलेल्या वारीच आणि आधी नोंद करूनच बोलावतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आणि साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक केंद्रावरच ताडून घ्या.

मुंबईहून ब्युनोस आयर्सला थेट विमान नाही. अदिस अबाबा किंवा दोहा करत साओ पाउलोमार्गे जाता येतं. भाडं दीड लाखाच्या आसपास, नाताळच्या सुट्टीत त्याहून वर. परतीची तारीख बदलता येईल असं तिकीट महाग पडतं, पण पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. डोंगरासाठी लागणाऱ्या दिवसांवर तीन-चार राखीव दिवस नसतील तर हवेची वाट बघता येत नाही, आणि इथे हवेची वाट बघणं हाच निम्मा चढ आहे.

ऑपरेटर ठरवताना तीन रस्ते असतात. वाटाड्यासकट सगळं विकत घ्या, फक्त तळावरची सेवा घ्या (खेचर, जेवण, शौचालय, मोठा तंबू), किंवा खेचरही न घेता सगळं पाठीवर न्या. आम्ही मधला घेतला. हिमालयात एखादं सहा हजारी शिखर केलेल्या, स्टोव्ह आणि तंबू स्वतः हाताळणाऱ्या गटाला तो पुरतो. फक्त सह्याद्रीच्या जोरावर जात असाल तर वाटाड्या घ्या. सिंहगडाच्या वाऱ्या पायांना तयार करतात, फुप्फुसांना आणि क्रॅम्पॉनच्या (बर्फासाठी बुटाला बांधायच्या दात्यांच्या) चालीला नाही. कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे आपला सर्वांत उंच माथासुद्धा इथल्या प्रवेशद्वारापेक्षा तेराशे मीटर खाली.

परवाना मेंडोझा प्रांताचं सरकार देतं आणि अर्ज ऑनलाइन होतो. दर तीन गोष्टींवर ठरतो: हंगामाचे कोणते दिवस, ओर्कोनेस दरी (नॉर्मल रूटची) की बाकास दरी, आणि नोंदणीकृत ऑपरेटरची सेवा आहे की नाही. सेवा घेतली की परवाना स्वस्त पडतो, त्यामुळे ‘सगळं आपणच करू’ या हिशेबातली बचत दिसते तेवढी नसते. आकडे दरवर्षी बदलतात, पण गर्दीच्या दिवसांत शेकडो डॉलरची तयारी ठेवा. चढाईचा परवाना प्रवेशाच्या दिवसापासून 20 दिवस चालतो. तीन आणि सात दिवसांचे परवाने फक्त पदभ्रमणाचे, त्यावर शिखराकडे जाता येत नाही. विमा काढताना उंचीची मर्यादा वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत गिर्यारोहण वगळलेलं असतं, आणि ते बारीक अक्षरात असतं.

मेंडोझा शहर साडेसातशे मीटरवर, जानेवारीत चांगलंच तापतं. इथे दोन दिवस खरेदीला आणि झोपेला द्या, कारण घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असतं. डबल बूट (आत वेगळा गरम बूट असलेले), क्रॅम्पॉन, जाड डाऊन जाकीट इथे भाड्याने मिळतं. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दोन्ही मोजे घालून बघा. अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा घ्या, कारण उतरताना तोच अंगठा काळा पडतो. क्रॅम्पॉन त्याच बुटावर दुकानातच बसवून घ्या, पट्टीचं माप तिथेच लावा. वर बोटं बधिर असताना स्क्रू फिरत नाही. साध्या ट्रेकिंग बुटांवर वर जाऊ नका. या डोंगरावर हिमदंश नेहमीचा आहे.

गॅसच्या डब्या विमानात चालत नाहीत, त्या मेंडोझातच घ्या. बर्फ वितळवण्यासकट माणशी दिवसाला शंभर ग्रॅम धरा, वरच्या कॅम्पांसाठी थोडा जास्त. डबी हिवाळी मिश्रणाची बघा. निव्वळ ब्युटेन शून्याच्या जवळपासच मान टाकतो. स्टोव्हची ठिणगीची कळ पाच हजारांवर बेभरवशाची, म्हणून साधे लायटर तीन आणि एक काडेपेटी वेगवेगळ्या खिशांत.

खाण्याचं जरा सविस्तर, कारण शाकाहारी गटांचे प्रश्न इथेच अडतात. 4,300 मीटरवर पाणी साधारण 85 अंशांना उकळतं, सहा हजारांजवळ 80 ला. तूरडाळ शिजत नाही, तांदूळ कण्या राहतात. चालतं ते असं: भाजलेल्या रव्याचं उपम्याचं मिश्रण, पातळ पोहे, नूडल्स, बटाट्याची भुकटी, दूध पावडर, मेतकूट. बटाट्याची भुकटी, पोलेंटा (मक्याचा रवा), ओट्स, शेंगदाणे, क्विन्स या फळाचा घट्ट गोड वडीसारखा मुरंबा हे मेंडोझाच्या सुपरमार्केटात मिळतं. भारतातून कच्ची डाळ, बिया, मध, घरगुती तूप नेऊ नका. सीमाशुल्काच्या रांगेत ते काढून घेतात, आणि चिलीमार्गे बसने येत असाल तर तिकडची तपासणी आणखी कडक. मेंडोझा प्रांताच्या हद्दीवर फळमाशीसाठी नाका आहे, बसमधली फळं तिथेच खाऊन संपवायची. पाच हजारांवर भूक मरते आणि तळलेलं नकोसं होतं. तिथे आंबट चालतं: आमसूल, चिंचेच्या गोळ्या, लिंबाची पूड.

पैसे डॉलरमध्ये, शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा. फाटकी किंवा शिक्का मारलेली नोट कोणी घेत नाही. पेसोचा भाव इतका हलतो की गरजेपुरतेच बदलावेत.

मेंडोझाहून राष्ट्रीय महामार्ग 7 ने उस्पायाता करत पेनितेन्तेस सुमारे 180 किलोमीटर. 2,580 मीटरवर एक रात्र काढायची आणि सामान खेचरवाल्यांच्या हवाली करायचं. एक खेचर 60 किलो नेतं, म्हणजे 30-30 किलोच्या दोन पिशव्या, दोन्ही बाजूंना समान. वजनकाट्यावर 30 च्या वर गेलं की उघडून काढावं लागतं. खेचरं आपल्याबरोबर चालत नाहीत. बहुतेक सामान थेट प्लासा दे मुलास या मुख्य तळावर जातं आणि ते तिसऱ्या दिवशीच दिसतं. म्हणून कोन्फ्लुएन्सिया या पहिल्या मुक्कामात लागणारं (झोपण्याची पिशवी, चटई, थंडीचं जाकीट, दोन दिवसांचं खाणं) वेगळ्या पिशवीत भरून त्यावर ठळक ‘कोन्फ्लुएन्सिया’ लिहा. औषधं, चष्मा, परवाना आणि पासपोर्ट पाठीवरच. पिशवीत आत आणखी एक जाड प्लास्टिक पिशवी घाला, कारण खेचरं धुळीत लोळतात.

ओर्कोनेसच्या प्रवेशद्वारी, सुमारे 2,950 मीटरवर, रेंजर परवाना आणि पासपोर्ट बघतात आणि क्रमांक टाकलेली कचऱ्याची पिशवी देतात. तो क्रमांक परवान्यावर लिहितात. बाहेर पडताना पिशवी भरलेली दाखवावी लागते, नाहीतर दंड. तिथून कोन्फ्लुएन्सिया 3,400 मीटरवर, तीन-चार तासांची सोपी चाल. मुद्दाम हळू चला.

दुसरा दिवस प्लासा फ्रान्सियाचा. 4,200 मीटरपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचं. समोर दक्षिण भिंत उभी असते, सुमारे तीन हजार मीटरची, हिमनद्या लटकलेली. अख्ख्या मोहिमेतलं सर्वांत देखणं दृश्य याच दिवशी, आणि चालायला ते सर्वांत स्वस्त.

कोन्फ्लुएन्सियाच्या पाण्यात खनिजं भरपूर, बऱ्याच जणांचं पोट पहिल्याच रात्री बिघडतं. बहुतेकदा कारण जंतू नसून ही खनिजंच असतात, मग प्रतिजैविक घेऊन उपयोग नाही. ओआरएस घ्या, पाणी थोडं थोडं प्या.

संध्याकाळी डॉक्टर तपासतात: रक्तातला ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, छातीचा आवाज. ही तपासणी सक्तीची, तिची नोंद परवान्यावर होते आणि ती नसेल तर पुढे सोडत नाहीत. भारतीय गट अडकतात ते रक्तदाबावर. उंचीवर तो चढतोच, वर लोणचं, फरसाण आणि पाकिटातली सुपं. डॉक्टर शांतपणे सांगतात, मीठ कमी करा, पाणी प्या, उद्या सकाळी या. तपासणीआधी दोन तास खारट खाऊ नका, कॉफी टाळा आणि तंबूपर्यंत चढून धापा टाकत आत शिरू नका, बाहेर पंधरा मिनिटं बसा. ऑक्सिमीटर लावण्याआधी बोटं चोळून गरम करा. थंड बोटावर आकडा खोटा पडतो. घरी नियमित रक्तदाबाची गोळी घेत असाल तर ते सांगा. लपवलं तर नुकसान तुमचंच.

कोन्फ्लुएन्सिया ते प्लासा दे मुलास हा लांब आणि कंटाळवाणा दिवस, आठ तास सहज. मध्ये प्लाया आंचाचं रुंद गोट्यांचं मैदान संपता संपत नाही, दुपारनंतर समोरून वारा आणि धूळ. नाका-तोंडावर पातळ कापड बांधा. इथल्या धुळीने लागलेला खोकला पुढे शिखरापर्यंत सोबत करतो. शेवटचा कुएस्ता ब्रावाचा खडा चढ दमल्यावरच येतो. त्याच्यासाठी लिटरभर पाणी राखा.

4,300 मीटरवरचा हा तळ म्हणजे छोटं गावच: घुमट-तंबू, रेंजर, डॉक्टर, पैसे मोजून इंटरनेट. इथे दुसरी तपासणी. ऑक्सिजन ऐंशीच्या वर असेल तर या उंचीला ठीक, सत्तरीत गेला तर बहुधा थांबवतात. उंचीच्या त्रासावरची ॲसिटाझोलामाइडची 125 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असं प्रमाण बरेच जण ठेवतात, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर आणि एरवीही घरच्या डॉक्टरांना विचारूनच. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, घाबरू नका. झोपतानाही धाप, गुलाबी फेसाची थुंकी, सरळ रेषेत चालता न येणं ही मात्र थांबून बघण्याची लक्षणं नाहीत. त्याच क्षणी, रात्र असली तरी, खाली.

तळावर पोचल्यावर पहिला दिवस काहीच करू नका. मग बोनेते हा जवळचा पाच हजार मीटरचा डोंगर चढून या, मग विश्रांती, मग सामानाची फेरी. कॅम्प कॅनडा 5,050 वर, निदो दे कोन्दोरेस 5,550 वर, प्लासा कोलेरा 5,970 वर. नियम जुनाच: सामान वर, झोप खाली. पहिल्या फेरीत वर ठेवायचं ते गॅस, खाणं, क्रॅम्पॉन, जाड हातमोजे. ठेव दगडांनी झाका आणि पिशवीवर नाव-तारीख लिहा. हमाल मिळतात, 20 किलोचा बोजा, प्रत्येक टप्प्याचा दर वेगळा. तळ ते कोलेरा असा थेट दर ऐकून डोळे पांढरे होतात, पण निदान परतीला गटात मिळून एक बोजा देणं शहाणपणाचं.

वरच्या कॅम्पांची विष्ठाही खाली आणायची असते, त्याच्या पिशव्या तळावरच मिळतात. सरावासाठी कॅनडाची पहिली रात्र पुरते. लघवीची बाटली पाण्याच्या बाटलीपेक्षा वेगळ्या आकाराची ठेवा, अंधारात हाताला कळली पाहिजे.

निदोला तंबू लावायला मोकळी, सपाट आणि वाऱ्याच्या तोंडची जागा आहे. खुंट्या इथे धरत नाहीत. दोरीचा फास मोठ्या धोंड्याला, त्यावर दुसरा धोंडा, आणि दोरी दगडाच्या धारेवर घासत नाही ना ते बघायचं. तंबू उभारताना तो आधी एका टोकाला अडकवूनच उलगडा. हातातून सुटलेला तंबू परत मिळत नाही.

पाणी म्हणजे बर्फ वितळवणं, माणशी चार लिटरसाठी दोन-तीन तास. भांड्याच्या तळाशी आधी थोडं पाणी हवंच, कोरडा बर्फ तापवला की भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. गॅसची डबी रात्री झोपण्याच्या पिशवीत, सोबत बॅटऱ्या आणि बुटांचे आतले मोजेही. बाटल्या उलट्या ठेवा, बर्फ वरच्या बाजूला धरतो, म्हणजे झाकण मोकळं राहतं. वितळलेल्या पाण्याला क्षार नसतात, त्यात ओआरएस घाला.

मग थांबणं. तळावर आणि निदोला रेंजरकडे अंदाज कळतो. आकाश निळं आहे की नाही याला महत्त्व नाही, माथ्यावरचा वारा बघायचा. ताशी 50 किलोमीटरच्या पुढे असेल तर निघू नका. शिखरावर भिंगाच्या आकाराचा ढग टोपीसारखा बसला की वर वादळ आहे, खाली कितीही ऊन असो. कोलेराला एक-दोन रात्रींपेक्षा जास्त काढू नका. सहा हजारांवर शरीर भरून येत नाही, झिजतच जातं. वाट बघायची ती निदोला किंवा तळावर.

या माथ्यावरची पहिली ज्ञात चढाई ज्या 1897 च्या मोहिमेत झाली तिचा नेता फिट्झजेराल्ड हा उंचीच्या त्रासाने पुन्हा पुन्हा मागे फिरला, आणि 14 जानेवारीला त्याचा स्विस वाटाड्या मथियास झुरब्रिगेन एकटाच माथ्यावर पोचला. नेतृत्व, पैसा, तयारी सगळं फिट्झजेराल्डचं होतं, तरी उंचीपुढे त्याचं काही चाललं नाही.

शिखराच्या दिवशी कोलेराहून पहाटे चार-पाचला निघायचं, म्हणजे स्टोव्ह दोनला पेटवायचा. चढाई हजार मीटरची, आठ ते दहा तास. थंडी उणे वीसपर्यंत, वाऱ्यात त्याहून खाली. नळीवाली पाण्याची पिशवी अर्ध्या तासात गोठते. रुंद तोंडाच्या दोन बाटल्या जाकिटाच्या आत घ्या. 6,380 च्या आसपास इन्डिपेन्डेन्सियाची मोडकी लाकडी झोपडी लागते, इथे पहिलं ऊन येतं आणि क्रॅम्पॉन बांधायला जागा मिळते. बोटं हलत नसतील, पाय गरम होत नसतील, तर परत फिरायची जागाही हीच. पुढे वाऱ्याची खिंड ओलांडून आडवी वाट सुरू होते. बर्फ असेल तर इथे घसरण लांब आहे, हातात काठी नको, आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) हवी. नंतर ला क्वेवा नावाचा मोठा कातळाचा आडोसा, 6,650 च्या सुमारास. इथे जादाचं सामान ठेवून वर जातात.

त्यापुढची कानालेता म्हणजे ज्वारीच्या राशीवर चढणं: पाऊल टाकलं की निम्मं खाली सरकतं. बर्फ घट्ट असेल तर उलट सोपी. तीन श्वासांना एक पाऊल ही इथे नेहमीची गती आहे. शक्यतो डाव्या-उजव्या बाजूच्या पक्क्या दगडांवरून चढा आणि वरच्या माणसाच्या थेट खाली चालू नका. परत फिरण्याची वेळ दुपारी दोन. ती निदोलाच ठरवून एकमेकांसमोर बोलून ठेवा, कारण वर कोणाच्याच डोक्याचा भरवसा नसतो. माथा चांगला ऐसपैस, त्यावर धातूचा छोटा क्रॉस. फोटोसाठी हातमोजा काढायचा तर आत पातळ मोजा असलाच पाहिजे. फोन छातीशी ठेवला नसेल तर तो बंद पडलेला असतो.

अपघात बहुतेक उतरताना होतात. कानालेता उतरताना गुडघे थरथरतात, चष्म्यावर वाफ धरते आणि दुपारनंतर ढग चढून पांढरा वारा (बर्फ उडवणारं वादळ) सुटला की दहा फुटांवरची वाट दिसत नाही. कोलेरापर्यंत एकत्रच या. तिथे चुलीला लागण्याआधी बूट काढून पायांची बोटं तपासा. पांढरी, मेणासारखी, बधिर असतील तर चोळू नका. कोमट पाणी देता येईल आणि नंतर पुन्हा गोठणार नाहीत अशी खात्री असेल तरच गरम करा, आणि डॉक्टरांकडे तळावर.

दुसऱ्या दिवशी सगळं आवरून थेट तळावर. तिथे विष्ठेच्या पिशव्या जमा करून नोंद करून घ्या आणि परतीचं खेचर संध्याकाळीच पक्कं करा. सकाळी सातला वजन होतं, उशीर झाला तर सामान दुसऱ्या दिवशी येतं. तळ ते ओर्कोनेस पंचवीसेक किलोमीटर एका दिवसात होतात. बाहेर पडताना रेंजर परवान्यावरचा क्रमांक आणि कचऱ्याची पिशवी ताडून बघतात. खेचरांवरचं सामान पेनितेन्तेसला संध्याकाळी उशिरा पोचतं, म्हणून त्याच रात्रीची मेंडोझाची बस धरू नका.

मेंडोझात भाड्याचं सामान परत करताना दुकानदार क्रॅम्पॉनचे दात आणि जाकिटाच्या शिवणी मोजून बघतो, अनामत त्यानंतर. जाकीट फाटलं असेल तर चिकटपट्टी लावून झाकू नका, सांगून टाका, शिवणाचे पैसे कमी लागतात. दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती साडेचार-पाचला उघडतात, रविवारी बहुतेक बंदच. संध्याकाळचं विमान असेल तर सकाळी साडेनऊलाच दारात उभे राहा.